गाडीचा आवाज सुधारायचाय? आधी पैसे पुढच्या दारांत घाला

दहा-बारा हजारांचं बजेट सांगितलं की ॲक्सेसरीच्या दुकानात बहुधा मोठ्या स्क्रीनचा अँड्रॉइड स्टिरिओ पुढे केला जातो. तो मोह टाळा. साध्या हॅचबॅकमध्ये आवाज मार खातो तो पुढच्या दारांत: लहान मॅग्नेटचा, कागदी कोनचा स्पीकर आणि त्यामागे थरथरणारा पातळ पत्रा. कंपनीचा स्टिरिओ आणि मागचे स्पीकर तसेच राहू द्या. सगळा पैसा पुढचा कॉम्पोनंट सेट (दारातला मोठा स्पीकर, बारीक आवाजाचा छोटा ट्वीटर आणि दोघांत आवाज वाटून देणारा क्रॉसओव्हर) आणि डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर दाबणारी चिकट शीट) यांवर घाला.

स्पीकर घेताना खोक्यावरच्या मोठ्या वॅटना भुलू नका, तो आकडा क्षणभराचा असतो. स्टिरिओवर ‘५० × ४’ लिहिलेलं असलं तरी सलग मिळतात साधारण १५ ते २० वॅट. म्हणून सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक पॉवरवर स्पीकर किती मोठा वाजतो, ते बघा, ९० डेसिबल किंवा जास्त हवी. ३ डेसिबल कमी असलेल्या स्पीकरला तेवढ्याच आवाजासाठी दुप्पट पॉवर लागते. इंपिडन्स (स्पीकरचा विद्युत अडथळा) ४ ओहमच घ्या. काच पूर्ण खाली करून स्पीकरच्या जागेपासून काचेपर्यंतची खोली मोजा. हे न मोजल्यास मॅग्नेट काचेला अडतो.

कामाआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. काही स्टिरिओ नंतर कोड मागतात, तो आधीच शोधून ठेवा. हँडलमागचे लपलेले स्क्रू काढून ट्रिम (दाराचं आतलं प्लास्टिकचं आवरण) खालच्या कोपऱ्यातून प्लास्टिकच्या पट्टीने उचका. एक-दोन क्लिपा तुटतातच, आठ-दहा जास्तीच्या आणून ठेवा. आतला प्लास्टिकचा पडदा फाडू नका, पावसाचं पाणी गाडीत येण्यापासून तोच अडवतो.

आता खरं काम. डॅम्पिंग शीट ब्युटाइल रबराची घ्या. डांबरी शीट उन्हाळ्यात मऊ पडते आणि वासही मारते. पत्रा आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा आणि स्पीकरच्या बरोबर मागे, बाहेरच्या पत्र्याला आतून शीट चिकटवा. रोलर दाबून फिरवा, फॉइलवरची नक्षी सपाट होईपर्यंत. सगळा पत्रा मढवायची गरज नाही, पाव ते एक तृतीयांश भाग पुरतो. दाराच्या तळाची पाणी जायची भोकं मात्र उघडी ठेवा, नाहीतर दार गंजतं.

त्यानंतर आतल्या पत्र्यातली मोठी भोकं बंद करा. कोनच्या मागून निघणारा आवाज पुढच्या आवाजाच्या उलटा असतो. तो भोकांतून बाहेर आला की दोघं मिळून बेस खातात. बेस नाही म्हणून सबवूफर घेणाऱ्या पुष्कळांना खरं तर एवढंच काम पुरलं असतं. काचेच्या मोटरपुढचं झाकण स्क्रूने काढता येईल असं ठेवा.

स्पेसर रिंग (स्पीकर आणि पत्र्यामध्ये बसणारी कडी) प्लास्टिकची घ्या. एमडीएफची पावसाळ्यात फुगते आणि स्क्रू सैल होतात. रिंग आणि पत्र्यामध्ये फोमची पट्टी द्या.

मूळ वायरिंग कापू नका, गाडीच्या मॉडेलचा कपलर (तयार जोड) मिळतो. प्लस-मायनसची खात्री दीड व्होल्टच्या सेलने करा: प्लसला प्लस लावला की कोन बाहेर सरकतो. एक स्पीकर उलटा जोडला गेला तर बेस गायब होतो. ट्वीटर आरशामागच्या त्रिकोणी पट्टीत बसवा. पुढच्या खांबात कर्टन एअरबॅग असेल तर तिथे हात घालू नका. क्रॉसओव्हर दारात ठेवायचा तर वर, कोरड्या जागी.

बॅटरी जोडून बेस बूस्ट आणि लाउडनेस बंद करा. स्टिरिओत हाय-पास (ठरावीक हर्ट्झखालचा आवाज अडवणारी सेटिंग) असेल तर ८० हर्ट्झला लावा, फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरांतला तोल) थोडा पुढे घ्या. मग ४० ते २०० हर्ट्झचा स्वीप (सलग चढत जाणारा स्वर) वाजवून ट्रिम कुठे खडखडते ते हाताने दाबून शोधा आणि तिथे फेल्टची पट्टी लावा.

पुढे पैसे जमले तर छोटा चार चॅनलचा ॲम्प्लिफायर घ्या. त्याचा फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा, अर्थची वायर आखूड हवी आणि ती रंग खरवडलेल्या पत्र्याला घट्ट बसलेली हवी. पॉवरची केबल एका बाजूने आणि आरसीए (स्टिरिओचा सिग्नल नेणारी केबल) दुसऱ्या बाजूने न्या. दोन्ही एकत्र नेल्या तर इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी स्पीकरमध्ये येऊ शकते.