नळ गळतोय म्हणून आणखी आवळताय? या चुका टाळा

आमच्या जुन्या घरात न्हाणीतला नळ शेवटचा आवळायचा मान बाबांचा. आम्ही कुणीही बंद केला तरी टपटप सुरूच. मग बाबा येणार, चावीला पंचा गुंडाळणार आणि पिळणार. सहा महिन्यांत स्पिंडलचे, म्हणजे चावीखालच्या दांड्याचे, आटे गेले. वायसरवर भागलं असतं तिथे अख्खा नळ बदलावा लागला.

पहिली चूक हीच, गळणाऱ्या नळावर जोर काढणं. गोल फिरवायच्या जुन्या नळात रबरी वायसर पाणी अडवतो. तो कडक झाला की कितीही आवळा, गळणारच. उलट जोराने वायसर चिरतो, खालची पितळी बैठक खरवडली जाते आणि मग नवा वायसरही टिकत नाही. सेकंदाला एक थेंब आणि वीस थेंबांचा एक मिलीलिटर धरला, तर दिवसाला ४ लिटरांहून जास्त पाणी जातं.

पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नळात वायसर नसतो, सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात. मध्ये वाळूचा कण अडकून ओरखडा पडला की आतलं स्पिंडल बदलायचं. दुकानात जाताना जुनं स्पिंडल खिशात टाका. लांबी आणि माथ्यावरचे दाते कंपनीगणिक वेगळे असतात. 'अर्ध्या इंची नळाचं द्या' एवढ्यावर दुकानदार अंदाजाने काहीतरी देतो आणि तुमची दुसरी खेप ठरलेली.

नळ बदलताना सगळ्यात जास्त घोटाळा टेफ्लॉन टेपचा होतो. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, ताणून गुंडाळायची. उलटी गुंडाळली तर नळ बसवताना ती उलगडून बाहेर येते. साधी पातळ टेप असेल तर आठ-दहा वेढे लागतात. आता खरी गंमत. नळ घट्ट बसला, पण तोंड थोडं पुढे जाऊन तिरकं थांबलं. आपण काय करतो? पाव फेरा मागे घेऊन सरळ करतो. झालं! तिथेच टेपची पकड सुटते आणि दोन दिवसांनी भिंतीवरून ओघळ. अशा वेळी नळ पूर्ण काढा, जुनी टेप खरवडा, दोन वेढे जास्त देऊन पुन्हा बसवा. भिंतीत प्लास्टिकचा एल्बो, म्हणजे पाइपचा काटकोनी जोड, असेल तर पाना जपूनच चालवा. तो तडकला तर टाइल फोडण्यावाचून इलाज नाही.

आणि हो, हे सगळं पाणी बंद करून. वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं न फिरवल्यामुळे जाम झालेला असतो, हे नळ हातात आल्यावर कळून उपयोग नाही. आधी फिरवून बघा.

एकाच नळाची धार बारीक झाली तर प्लंबरला फोन करण्याआधी तोंडाची जाळी काढून बघा. बोअरच्या पाण्याचे क्षार तिथेच साचतात. जाळी अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवा, जुन्या ब्रशने घासा. फरशीचं ॲसिड मात्र नको, वरचा क्रोमचा मुलामा उडतो.

बंद बाथरूमला वास येतो तेव्हा लोक फिनेल ओततात. बहुतेक वेळा न्हाणी ट्रॅपमधलं, म्हणजे फरशीच्या जाळीखालच्या खोलगट भागातलं, पाणी सुकलेलं असतं. गटाराचा वास अडवतं ते हेच पाणी. तांब्याभर पाणी ओतलं की काम झालं.

फ्लशची टाकी सारखी भरल्याचा आवाज येत असेल तर टाकीत थोडी नीळ टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात निळं पाणी उतरलं तर खालचं रबर गेलंय.

एका गळतीला मात्र हात लावायचा नाही. टाकीवाला गीझर तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थोडे थेंब पडतात. आत वाढणारा दाब असाच बाहेर पडतो. आमच्या एका शेजाऱ्यांनी तिथे बूच ठोकलं होतं. प्लंबरने ते पाहिलं आणि बोलण्याआधी गीझरचं बटण बंद केलं.