अमेरिकेत येऊन फिजिक्स-ॲस्ट्रॉनॉमी शिकायचंय? आधी गणिताचं बघा

बाहेरून अमेरिकेत आलेल्या बऱ्याच पोरांना वाटतं ॲस्ट्रॉनॉमी म्हणजे आधी टेलिस्कोप पाहिजे. तो नसला तरी चालतं हो, कॅल्क्युलस नसलं की सगळं अडतं. कॅल्क्युलस वन, टू, थ्री, मग लिनियर अल्जेब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स, यातला पहिलाच उशिरा सुरू झाला की पुढचं सगळं लांबतं आणि मेजरवालं, म्हणजे मुख्य विषयाचं, फिजिक्सही त्याच्यामागे रखडतं. म्हणून ॲडमिशन झाली की लगेच प्लेसमेंट, म्हणजे गणिताच्या कुठल्या कोर्सला बसवलंय ते, बघा. इंग्रजी कच्चं दिसलं म्हणून कोणी गणितही खालचं देत असेल तर जुन्या मार्कशीट दाखवून वरचा कोर्स मागायचा, लाजायचं नाही.

युनिव्हर्सिटीची फी झेपत नसेल तर आधी कम्युनिटी कॉलेज, म्हणजे दोन वर्षांचं स्वस्त कॉलेज, मग तिथून युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर. यात कमीपणा काही नाही. फक्त फिजिक्सचे दोन प्रकार असतात, अल्जेब्रावालं आणि कॅल्क्युलसवालं, मेजरला दुसरंच लागतं, पहिलं घेऊन बसलात तर वर्ष गेलं. कॅलिफोर्नियात असाल तर असिस्ट नावाच्या साइटवर कुठला कोर्स कुठे धरतात ते दिसतं.

आता कागदपत्रं. एनएसएफच्या, म्हणजे विज्ञानाला पैसा देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, पैशातून चालणारी समर रिसर्च, म्हणजे आरईयू, सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाल्यांनाच मिळते. एफ-वन, म्हणजे स्टुडंट व्हिसा, असेल तर तिथे फॉर्म भरत बसू नका, आपल्याच कॅम्पसवरच्या प्रोफेसरला मेल टाका, टर्म चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम चालतं. मेल दोनच ओळींचा, पण सोबत काहीतरी केलेलं दाखवा. पायथन आणि त्यातलं ॲस्ट्रॉनॉमीचं पॅकेज ॲस्ट्रोपाय शिका, स्लोन सर्व्हे या आकाशाच्या मोठ्या पाहणीचा डेटा फुकट आहे, दहा-बारा गॅलेक्सींचे स्पेक्ट्रा (प्रकाशाचे रंगवार आलेख) उघडून रेडशिफ्ट, म्हणजे प्रकाश लाल रंगाकडे किती सरकलाय ते, काढून बघा. १९२३ मध्ये इंग्लंडहून हार्वर्डला आलेल्या खगोलशास्त्रज्ञ सेसिलिया पेननेही तिथे आधीच साठलेल्या, ताऱ्यांच्या फोटोंच्या काचेच्या प्लेट्स वापरल्या आणि १९२५ च्या थिसिसमध्ये ताऱ्यांत हायड्रोजन प्रचंड आहे हे आकडेमोडीतून दाखवलं (तेव्हा ते मोठ्यांना पटलं नव्हतं, ती गोष्ट वेगळी).

आणि पैसे भरून मास्टर्स करायची घाई नको, इथे बॅचलर्सनंतर थेट पीएचडीला जाता येतं, फिजिक्समध्ये बहुतेक ठिकाणी फी माफ होऊन वर स्टायपेंडही मिळतो. त्याला साधारण तीन रेकमेंडेशन लेटर लागतात, म्हणून पहिल्या वर्षापासून ऑफिस अवर्सना, म्हणजे प्रोफेसरच्या भेटायच्या ठरलेल्या वेळेला, जात जा, इंग्रजी अडखळलं तरी, फळ्यावर इक्वेशन लिहूनही बोलता येतंच.