लहानपणच्या आठवणीवर हाताने रंगवलेली ॲनिमेशन फिल्म करायची असेल तर

आधी गणित मांडा. सिनेमाच्या एका सेकंदात २४ फ्रेम असतात. प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरून ठेवलं, तर सेकंदाला १२ चित्रं लागतात. चार मिनिटांच्या फिल्मला २८८०. तीन फ्रेम धरलं, तर १९२०. आकडा मोठा आहे, पण त्याच्यामुळे एक चांगली सवय लागते. ब्रश उचलण्याआधी आपण विचारतो : हे खरंच हलायला हवं का?

लहानपणच्या आठवणींना हा प्रश्न फार मानवतो, कारण त्यात हालचाल थोडीच असते. माझी फिल्म आजोबांच्या सायकलवर मागे बसून मारलेल्या फेऱ्यांची. लिहायला बसले तेव्हा हाताशी गोष्ट नव्हतीच. शर्टाची पाठ, तिच्यावर पसरत जाणारा घाम, सीटखालच्या स्प्रिंगची कुरकुर आणि कडेने मागे पळणारा रस्ता, एवढंच होतं. आजोबांचा चेहरा त्यात नव्हता. मागे बसलेल्या मुलीला तो दिसणार कसा? जुन्या फोटोंवरून काढता आला असता, पण मी काढला नाही. फिल्मभर पाठच दिसते. आठवणीत जे नाही ते रंगवू नये, यावर मी ठाम आहे. तिथे कागद कोरा राहू द्या. लहान मुलाच्या डोळ्यांची उंची मात्र सोडू नका : टेबलाची खालची बाजू, मोठ्यांचे गुडघे, हाताला न पोचणारी कडी. मोजमापं खरी नसली तरी चालतात.

नुसत्या प्रतिमा एकामागून एक लावल्या की बघणारा थोड्याच वेळात कंटाळतो. आठवणीतल्या मुलाला काहीतरी हवं असलं पाहिजे. माझ्या फिल्ममधल्या मुलीला पुढचा रस्ता बघायचाय आणि पाठ आड येते. सगळी फिल्म एवढ्यावरच उभी आहे.

माध्यम ठरवताना आपली आठवण कशी बदलते ते बघा. एका दृश्यातून दुसरं उगवत असेल, तर काचेवर रंगवायची पद्धत आहे. काचेवरचं चित्र थोडं पुसायचं, सरकवायचं, फोटो घ्यायचा, पुन्हा पुसायचं. ॲनिमेशन करणाऱ्या कॅरोलिन लीफ यांनी १९७६ साली एका मुलाच्या आणि त्याच्या आजारी आजीच्या गोष्टीवर ‘द स्ट्रीट’ अशीच केली. रशियन ॲनिमेटर अलेक्सांद्र पेट्रोव्ह काचेवरचे तैलरंग बहुतेक बोटांनीच हलवतात. या पद्धतीत मागचं चित्र शिल्लक राहत नाही, त्यामुळे मागे जाऊन दुरुस्तीही करता येत नाही. पहिल्या फिल्मला मी कागदच सुचवेन. मी ग्वाश, म्हणजे पाण्यात कालवायचा अपारदर्शक रंग वापरला. वाळल्यावरही ओल्या ब्रशने तो पुन्हा हलतो. वाळताना त्याची छटा मात्र बदलते, म्हणून रंगाचा ठिपका वाळवून मगच पसंत करा. एका सीनचे सगळे रंग एकदमच कालवून झाकणाच्या डब्यांत ठेवा. अर्ध्यात संपलेला रंग पुन्हा तसाच जमत नाही.

हाताने रंगवलेल्या दोन फ्रेम तंतोतंत सारख्या होत नाहीत, त्यामुळे पडद्यावर पृष्ठभाग थरथरतो. थरथर कुठे हवी ते आपण ठरवायचं. माझ्या फिल्ममध्ये पाठ एकच चित्र तीनदा रंगवून आलटूनपालटून दाखवली आहे, म्हणून ती श्वास घेते. दूरची झाडं एकदाच रंगवली आणि स्थिर ठेवली. सगळंच थरथरलं, तर नजर कुठेच ठरत नाही.

आवाज आधी. स्प्रिंगची कुरकुर रेकॉर्ड करून ॲनिमॅटिकवर, म्हणजे स्टोरीबोर्डच्या कच्च्या चित्रांच्या व्हिडिओवर लावली, तेव्हा पॅडलची लय सापडली : एका फेरीला एक सेकंद, म्हणजे १२ चित्रं. तीच १२ चित्रं फिल्मभर फिरतात आणि त्यांच्यावरून शर्ट, रस्ता, उजेड बदलत जातो. ॲनिमॅटिक बघताना कंटाळा आला, तर तो सीन तिथेच कापा. रंगवलेलं कापताना फार जिवावर येतं.

तांत्रिक बाजू थोडक्यात. छिद्रं पाडलेले कागद पेगबारवर, म्हणजे खुंट्या असलेल्या पट्टीवर बसवा, नाहीतर चित्रं उड्या मारतात. कॅमेऱ्याचं एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स मॅन्युअल ठेवा आणि खिडकी झाका. दिवसाचा उजेड सारखा बदलतो. स्कॅन करणार असाल, तर स्कॅनरची आपोआप रंग सुधारण्याची सोय बंद करा. ओल्या रंगाची चकाकी येत असेल, तर दिव्यांवर आणि लेन्सवर, दोन्हीकडे पोलरायझिंग फिल्टर लावा. प्रत्येक कागदाच्या कडेला सीन आणि चित्राचा क्रमांक लिहा.

रंगवायला पहिल्या सीनपासून बसू नका. शेकडो चित्रांनंतर हात बदलतो, रेषा मोकळी होते आणि तो फरक पडद्यावर दिसतो. मधला, कमी महत्त्वाचा सीन आधी घ्या. सुरुवात आणि शेवट हात बसल्यावर रंगवा.