कम्युनिटी कॉलेजातून यूसीत जायचंय? या चुका टाळा

मार्चअखेर यूसीचे, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे, प्रवेशाचे निकाल लागले की १ मेपर्यंत होकार कळवायचा असतो. त्या महिन्यात क्युपर्टिनो-फ्रीमाँटकडच्या मराठी घरांत एक वाद हमखास रंगतो. यूसीच्या मर्सेड किंवा रिव्हरसाइड कॅम्पसला मिळालेली जागा घ्यायची, की पहिली दोन वर्षं डि अँझा या कम्युनिटी कॉलेजात काढून बर्कली कॅम्पससाठी पुन्हा नशीब आजमावायचं? वाद कॉलेजच्या नावावरून होतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. आधी बघायला हवं ते मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय.

नावावर जाणं

मुलीला कॉम्प्युटर सायन्स हवंय आणि सॅन डिएगोला भलत्याच विषयात जागा मिळालीय. ‘आधी आत तर शिरू, मग बदलून घेऊ’ हा हिशेब तिथे सहसा जमत नाही, कारण मागणी असलेल्या मेजरमध्ये आतून बदली मिळणं फार अवघड आहे. अशा वेळी कम्युनिटी कॉलेज खरोखर चांगला रस्ता ठरू शकतो. आपल्याकडे डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला जातात, तसाच काहीसा. इथे थेट तिसऱ्या वर्षात जातात, आणि पदवीवर नाव यूसीचंच येतं. उलट हव्या त्या मेजरमध्ये जागा हातात असताना, केवळ पुण्याच्या आजीने मर्सेडचं नाव ऐकलेलं नाही म्हणून ती सोडणं मला तरी वेडेपणा वाटतो.

‘दोन वर्षं आहेत की!’

नसतात. फॉलच्या, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होणाऱ्या सत्राच्या, प्रवेशाचा अर्ज आदल्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरायचा, म्हणजे कॉलेजचं दुसरं वर्ष नुकतंच सुरू झालेलं असतं. तेव्हा दाखवायला पहिल्या वर्षाच्याच ग्रेड असतात. फॉलच्या ग्रेड जानेवारीत अर्जात भरता येतात. त्यामुळे पहिल्या क्वार्टरला (सुमारे तीन महिन्यांच्या सत्राला) बिचकलेलं मूल ‘पुढे भरून काढू’ म्हणतं, तेव्हा पुढे फारसं काही उरलेलं नसतं. त्यातून सी ग्रेड मिळाली की तो विषय पुन्हा घेऊन सुधारता येत नाही.

इंजिनिअरिंगवाल्यांना खरा फास गणिताचा. डि अँझात कॅल्क्युलसचे १ए ते १डी असे चार क्वार्टर, त्यानंतर डिफरन्शियल इक्वेशन्स आणि लिनिअर अल्जेब्रा. वर्षाचे नेहमीचे क्वार्टर तीन. एकापुढे एक लावले तर दोन वर्षं काठोकाठ भरली. फिजिक्सची चार कोर्सची माळ कॅल्क्युलसवर टांगलेली, ती वेगळीच. प्रीकॅल्क्युलसपासून सुरुवात झाली, तर उन्हाळे तरी घालवावे लागतात, नाहीतर तिसरं वर्ष. म्हणून हायस्कूल संपल्याबरोबर, सप्टेंबरची वाट न पाहता काउन्सेलर गाठा. हायस्कूलात एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या, कॅल्क्युलस परीक्षेचा स्कोअर असेल तर कुठल्या पायरीवरून सुरू करता येईल, हे तेव्हाच विचारून घ्या.

मित्राची यादी

दादाने जे कोर्स केले तेच आपण करायचे, हे धोक्याचं. कुठल्या कॉलेजचा कोणता कोर्स कुठल्या कॅम्पसला, कुठल्या मेजरसाठी चालतो, हे असिस्ट डॉट ऑर्ग या वेबसाइटवर वर्षागणिक मिळतं. बर्कलीची यादी आणि इर्व्हाइनची यादी एक नसते. तिथे मुख्यतः यूसी आणि कॅल स्टेट (राज्याची दुसरी सरकारी विद्यापीठं) आहेत. खासगी विद्यापीठांचं बहुतेक वेळा त्यांनाच विचारावं लागतं. एक खड्डा मात्र बऱ्याच जणांना दिसत नाही. डि अँझा, फुटहिल क्वार्टरवर चालतात, तर ओलोनी, मिशन सेमिस्टरवर. कॅल्क्युलसची माळ मध्येच तोडून दुसरीकडे गेलात, तर एखादा धडा दोनदा होतो किंवा राहूनच जातो. बदलायचंच झालं तर माळ पुरी करून बदला.

आधी सोपे विषय

कॅल-जीईटीसीचे, म्हणजे ट्रान्सफरसाठी ठरवून दिलेल्या यादीतले, सर्वसाधारण विषय संपवून टाकू, मेजरचे नंतर बघू, असं इंजिनिअरिंगच्या मुलांनी करू नये. निवड होताना मेजरची तयारी जास्त पाहिली जाते.

टॅग म्हणजे सगळीकडची हमी नव्हे

टॅग, म्हणजे अटी पाळल्यास प्रवेशाची हमी, सहाच कॅम्पस देतात: डेव्हिस, इर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो नाहीत. त्या सहांतून एकच निवडायचा, अर्ज सप्टेंबरमध्येच भरायचा, आणि काही मेजर यातून वगळलेली असतात. सांता बार्बराचं इंजिनिअरिंग त्यातलंच. सप्टेंबर हुकला तरी नोव्हेंबरचा मुख्य अर्ज भरता येतोच, फक्त हमी जाते.

पैसे आणि व्हिसा

राज्यातल्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात सेमिस्टर युनिटला (युनिट म्हणजे क्रेडिट) ४६ डॉलर, क्वार्टर युनिटला ३१. वर्षाला ४५ क्वार्टर युनिट धरले तर फी १,३९५ डॉलर. यूसीची ट्यूशन आणि सगळ्या कॅम्पसना लागू असलेली फी मिळूनच वर्षाला १४ हजारांच्या पुढे. घरी राहिल्याची बचत वेगळी, पण तिसरं वर्ष लागलं तर हे गणित बदलतं. आणि मूल एच-४ वर (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर) असेल तर २१वा वाढदिवस आधी कॅलेंडरवर मांडा. तो ट्रान्सफरच्याच सुमारास येतो, त्या दिवशी एच-४ संपतो, आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा आय-२० हा फॉर्म नव्या विद्यापीठाकडून घ्यायचा की जुन्या कॉलेजकडून, हा प्रश्न उभा राहतो. याला काउन्सेलर पुरत नाही. वकिलाला वर्षभर आधी विचारा.

प्रवेशाचं पत्र आलं तरी स्प्रिंगमध्ये, म्हणजे कॉलेजच्या शेवटच्या सत्रात, ढिलाई नको. अर्जात लिहिलेला कोर्स न कळवता सोडला, तर मिळालेली जागा रद्द होऊ शकते. सोडायचाच असेल, तर आधी कॅम्पसला कळवून त्यांचं लेखी उत्तर हातात घ्या.