हंपीला जाताय? मग हे वाचून जा

होस्पेट स्टेशनला उतरायचं, तिथून हंपी साधारण १३ किमी, रिक्षा बस दोन्ही मिळतात. उन्हाळ्यात नका जाऊ प्लीज, दगड नुसते भाजतात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. विठ्ठल मंदिर सकाळी उघडल्या उघडल्या गाठा, ५० च्या नोटेवरचा दगडी रथ तिथलाच, आणि तिकीट जपून ठेवा कारण त्याच दिवशी कमलमहालालाही तेच चालतं. गाभारा रिकामा आहे हां, मूर्ती संत भानुदासांनी पंढरपूरला परत नेली अशी आपल्याकडची कथा. विरुपाक्ष मंदिरात मागच्या अंधाऱ्या खोलीत बारीक झरोक्यातून उजेड येऊन भिंतीवर गोपुराची उलटी सावली पडते, ती विचारून बघाच, बरेच जण न बघताच परततात. संध्याकाळी मातंग टेकडी, पण टॉर्च न्या.