दोष इंजिनात की मोजणीत? जेट इंजिनाचा सिग्नल वाचताना या चुका टाळा

दर वर्षी जानेवारी उजाडला की इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची दोन-चार पोरं लॅपटॉप घेऊन विश्रामबागला माझ्याकडे येतात. माझं पोट साखर कारखान्यांच्या टर्बाइनची कंपनं मोजण्यावर चालतं; पोरांचा प्रोजेक्ट मात्र जेट इंजिनाचा. सांगलीत जेट इंजिन कुठून आणणार? म्हणून इंजिनं हळूहळू कशी बिघडतात ते दाखवणारा नासाचा सी-मॅप्स डेटा उतरवून घेतात.

पहिली चूक तिथेच होते. पोरं त्यावर एफएफटी, म्हणजे सिग्नलातल्या वारंवारता वेगळ्या करणारं गणित, चालवतात आणि शाफ्टची वारंवारता शोधत बसतात. अहो, त्या डेटात कंपनं नाहीतच! संगणकावर तयार केलेल्या इंजिनांच्या तापमान, दाब, वेग अशा २१ नोंदी आहेत आणि त्या दर उड्डाणामागे एकदाच घेतलेल्या. त्यात शाफ्टचं फिरणं कसं दिसणार?

दुसरी चूक उड्डाणाची स्थिती विसरण्याची. या डेटाच्या पहिल्या संचात स्थिती एकच आहे, दुसऱ्यात सहा. उंची आणि वेग बदलला की धडधाकट इंजिनाचंही तापमान बदलतं. आपल्याकडे पुराचे आकडे कसे वाचतो? आयर्विन पुलापाशी ४२ फूट म्हणजे इशारा पातळी ओलांडली, धोक्याला अजून तीन फूट बाकी. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर तेच ४२ फूट म्हणजे धोका फुटावर. म्हणून आधी सहा स्थिती वेगळ्या करा आणि प्रत्येकीची सरासरी त्या-त्या गटापुरती काढा.

आणि डेटाची वाटणी करताना ओळी पिसू नका. एकाच इंजिनाच्या ओळी शिकवण्यात आणि परीक्षेतही आल्या, तर मॉडेलला, म्हणजे डेटावरून शिकणाऱ्या प्रोग्रॅमला, पेपर आधीच फुटलेला असतो. इंजिनागणिक वाटा.

आता खऱ्या कंपनांकडे. इथे सगळ्यात जास्त फसवतं ते एलियसिंग: सॅम्पलिंग, म्हणजे सेकंदाला घेतलेल्या नोंदी, कमी पडल्या की मोठी वारंवारता दुमडून खोट्या, लहान वारंवारतेवर दिसते. सीएफएम५६-७बी इंजिन घ्या, बोइंग ७३७ चं. पंख्याला २४ पाती, १०० टक्के वेग ५,१७५ आरपीएम. म्हणजे शाफ्ट सेकंदाला ८६.२५ वेळा फिरतो आणि पात्यांची वारंवारता २,०७० हर्ट्झ येते. सॅम्पलिंग सेकंदाला २,५०० ठेवलंत, तर आलेखावर तिचं शिखर दुमडून ४३० हर्ट्झवर दिसेल. शाफ्टच्या वारंवारतेची पाचपट किती? ४३१.२५! पोरगं छातीठोकपणे सांगणार, “सर, शाफ्टमध्ये दोष आहे.” शंका आली तर सॅम्पलिंग ३,००० करून बघा. खरं शिखर जागचं हलत नाही, हे मात्र ९३० वर जाऊन बसेल. मोठ्या वारंवारता गाळणारा फिल्टर लावायचा तो सिग्नल संगणकात शिरण्याआधी. एकदा दुमडलेलं नंतरच्या कुठल्याही सॉफ्टवेअरनं उलगडत नाही.

वेग बदलताना घेतलेला स्पेक्ट्रम, म्हणजे वारंवारतांचा आलेख, तसाच वाचणं हीही नेहमीची चूक. इंजिन ६० टक्क्यांवरून ९० वर चढलं की शाफ्टची रेघ ५२ पासून ७८ हर्ट्झपर्यंत फासली जाते आणि शिखर बुटकं, रुंद होतं. टॅकोमीटरची (फेऱ्या मोजणाऱ्या यंत्राची) खूण घेऊन सिग्नल सेकंदाऐवजी फेऱ्यांवर मांडा, रेघ पुन्हा उभी राहते. बेअरिंगच्या सुरुवातीच्या दोषाला साधा स्पेक्ट्रम बहुधा अपुराच, एन्व्हलप, म्हणजे सिग्नलाच्या चढउताराची बाहेरची रेघ, काढून तिचा स्पेक्ट्रम बघा. दोन शाफ्टच्या मध्ये बसलेलं बेअरिंग असेल, तर दोन्हींचे वेग हिशेबात धरा.

शेवटी सेन्सरची बैठक. जेट इंजिनावर तो आवळून बसवतात, तिथे सैल ब्रॅकेट आणि लोंबणारी केबल छळते. आम्ही कारखान्यात चुंबकावर भागवतो. एकदा ऐन गाळपात मी तो जाड रंगावरच चिकटवला. अडीच हजार हर्ट्झच्या आसपास असं शिखर आलं की मीच बेअरिंग उघडायला सांगितलं. आतून ते कोरं निघालं. मग रंग खरवडून सेन्सर पुन्हा लावला, तर शिखर गायब. तोवर मिल पाच तास उभी होती आणि गेटाबाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली.