लाटेचा वेग कसा काढायचा? सिद्धेश्वर तलावावर मोजून बघा

सूत्र एका ओळीचं आहे: वेग = वारंवारता × तरंगलांबी. पण नुसतं पाठ करण्यापेक्षा थोडा वारा सुटलेला असताना सिद्धेश्वर तलावाच्या काठावर जा आणि स्वतः मोजा, मग ते डोक्यात पक्कं बसतं.

आधी वारंवारता. पाण्यातून वर आलेल्या एखाद्या काठीवर नजर ठेवायची, मोबाईलचं स्टॉपवॉच लावायचं आणि 10 सेकंदात लाटेचे किती उंचवटे, पुस्तकात ज्याला शृंग म्हणतात ते, काठीपासून पुढं गेले ते मोजायचं. पहिल्या उंचवट्याला शून्य म्हणा, एक नाही, नाहीतर एक लाट जास्तीची धरली जाते. समजा 20 गेले, तर 20 भागिले 10, म्हणजे 2 हर्ट्झ.

मग तरंगलांबी, म्हणजे शेजारशेजारच्या दोन उंचवट्यांतलं अंतर. लाट काय थांबत नाही, म्हणून माहीत असलेल्या लांबीची काठी शेजारी दिसेल असा वरून फोटो काढा आणि सलग सहा उंचवट्यांचं अंतर बघून पाचनं भागा. 2 मीटर आलं तर एक लाट 40 सेंटीमीटरची.

आता गुणाकार, आणि पोरं घसरतात ती इथंच. माझ्या भाचीनं 2 × 40 करून सरळ 80 मीटर प्रति सेकंद लिहिलं होतं, मी म्हटलं बाळा, हे तासाला 288 किलोमीटर झाले, तलावातली लाट एवढी पळते का? तिनं लगेच खोडून 0.4 मीटर केलं आणि उत्तर आलं 0.8 मीटर प्रति सेकंद, आपल्या सावकाश चालण्याएवढं.

आवाजालाही हेच सूत्र, फक्त तिथं वेग हवेच्या तापमानावर ठरतो: 0 अंशाला साधारण 331 मीटर प्रति सेकंद आणि पुढं दर अंशाला अंदाजे 0.6 ची वाढ. म्हणजे आपल्याकडच्या 40 अंशाच्या दुपारी 355. आता 440 हर्ट्झचा स्वर घ्या, 355 भागिले 440, तरंगलांबी साधारण 81 सेंटीमीटर, आणि थंडीत 15 अंशाला तोच स्वर 77 सेंटीमीटरचा होतो. वारंवारता मात्र 440 च राहते, कारण ती आवाज काढणाऱ्या वस्तूवर ठरते, हवेवर नाही. म्हणून बारीक आवाज जास्त वेगानं जातो असं समजू नका, त्याची तरंगलांबी कमी असते एवढंच.

एफएमचं गणित तोंडी होतं. 100 मेगाहर्ट्झ म्हणजे 10 कोटी हर्ट्झ, लाट 3 मीटरची, गुणाकार 30 कोटी मीटर प्रति सेकंद, म्हणजे प्रकाशाचाच वेग.